गोळीला किती फिरवायचं?

रायफलच्या नळीत आतून खाचा असतात आणि त्या सरळ नसून पिळलेल्या असतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती गरगरत बाहेर पडते आणि म्हणून टोक पुढे ठेवून सरळ जाते, हेही कधीतरी कानावरून गेलेलं असतं. पण तो पीळ किती असावा, यावर दोन शहाणी माणसं अख्खी दुपार भांडू शकतात, हे मला खडकीला आप्पांकडे गेल्यावर कळलं. आप्पा दारूगोळ्याच्या कारखान्यात प्रूफ रेंजवर होते. तयार मालातून काढलेली काडतुसं झाडायची, वेग मोजायचा, कागदावरची भोकं तपासायची आणि लॉट पास की नापास ते सांगायचं, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. त्यांची पुतणी मृणाल फिजिक्स शिकलेली आहे आणि पन्नास मीटर प्रोन रायफल खेळते. काकांचं म्हणणं असं की पीळ गरजेपेक्षा सढळ द्यावा. पुतणीचं म्हणणं की गरजेपुरताच द्यावा, वर एक फेराही नको.

मी पोचलो तेव्हा मृणालची पॉइंट टू-टू टेबलावर आडवी होती, बोल्ट काढलेला. साफसफाईच्या रॉडच्या टोकाला तिने घट्ट चिंधी लावली होती आणि मुठीजवळ रॉडवर पेनाने एक खूण केली होती. या रॉडच्या मुठीत बेअरिंग असतं, त्यामुळे हात सरळ ढकलतो आणि रॉड खाचांच्या मागे मागे आपला आपण फिरतो. ती हळूहळू ढकलत गेली. खूण कडेला सरकली, खाली गेली, दिसेनाशी झाली आणि पलीकडून पुन्हा माथ्यावर आली. तेवढ्यात रॉड साडेचाळीस सेंटिमीटर आत गेला होता. "सोळा," ती म्हणाली. सोळा इंचांत एक फेरा, म्हणजे सोळाचा पीळ. आकडा लहान तितका पीळ घट्ट, एवढं वाचकांनी ध्यानात ठेवलं तर पुढचं अवघड नाही.

आप्पा : सोळा म्हणजे फारच सैल. हल्लीच्या ५.५६च्या रायफली बघ. सातचा पीळ.

मृणाल : काका, आधी गोळी फिरवायचीच कशाला ते ठरवू. टोक निमुळतं असल्यामुळे लांबट गोळीचं वजन बुडाकडे असतं. हवेचा रेटा मात्र वजनाच्या मध्याच्या पुढे, टोकाच्या बाजूला बसतो. टोक जरा तिरपं झालं की हवा ते आणखी तिरपं करते. बाणाला मागे पिसं असतात, त्यामुळे हवेचा रेटा मागे जातो आणि बाण आपोआप सरळ होतो. गोळीला पिसं नाहीत. नुसती सोडली तर ती कोलांट्या खाणार.

आप्पा : म्हणून भोवऱ्यासारखी फिरवायची. भोवरा जोरात आहे तोवर ताठ, जोर उतरला की डुलायला लागतो आणि मग आडवा. मग जोर जास्त असण्यात तोटा काय?

मृणाल : भोवऱ्याला पाडतं त्याचं वजन, गोळीला पाडते हवा. हवेच्या त्या जोराच्या मानाने फिरण्याचा जोर किती भारी, याचा एक आकडा काढतात. तो एकच्या खाली गेला तर गोळी उलटते. एकच्या जरा वर असला तर तरते, पण डुलत डुलत जाते, आणि डुलणारी गोळी हवेत वेग उधळत जाते. दीडच्या आसपास आला की निवांत.

आप्पा : दीड तू घे. मी दोन घेईन, अडीचही घेईन. त्याला काही जास्तीचे पैसे पडत नाहीत.

पैसे पडत नाहीत हे खरं आहे. खाचा कापायच्याच असतात, सैल काय आणि घट्ट काय. पण मृणालच्या मते हिशेब दुसरीकडे चुकता होतो. तिकडे वळण्यापूर्वी दोघं इतिहासात शिरले आणि तिथेही एकमत झालं नाही.

मृणाल : १८५३ची एन्फिल्ड घ्या. नळी ३९ इंचांची आणि पीळ ७८ इंचांत एक. म्हणजे गोळी नळीबाहेर पडेपर्यंत अर्धाच फेरा. तरी गुळगुळीत नळीच्या जुन्या मस्केटपेक्षा किती लांब आणि किती नेमकी मारायची!

एन्फिल्ड म्हटलं की आपल्याकडे लोकांना चरबी आठवते, पीळ आठवत नाही. खरं तर दोन्ही एकाच गोष्टीची अंगं आहेत. कागदात गुंडाळलेली गोळी खाचांच्या नळीत तोंडाकडून ठासायची, ती नीट सरकावी आणि नळीत राख चिकटू नये, म्हणून काडतुसाला वंगण आलं. ते वंगण कशाचं, यावरून १८५७च्या मार्चमध्ये बराकपूरला ठिणगी पडली. नळी गुळगुळीतच राहिली असती तर निदान हे कारण तरी मिळालं नसतं. असो.

आप्पा : एन्फिल्डची गोळी आखूड होती गं, आणि बुडाशी पोकळ. वजन पुढे आलेलं. असल्या गोळीचं अर्ध्या फेऱ्यावर भागतं. पुढे काय झालं ते सांग की. व्हिटवर्थने पॉइंट चार-पाच-एकची नळी केली, आतून षट्कोनी, आणि पीळ दिला विसाचा. बारीक, लांब गोळी. १८५७च्याच चाचण्यांत लांब पल्ल्यावर एन्फिल्डला धूळ चारली. १८६०मध्ये विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने टेकूवर घट्ट बसवलेल्या व्हिटवर्थची दोरी ओढली, तर ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून दीड इंचाच्या आत बसली.

मृणाल : आणि लष्कराने ती नाकारली. महाग पडायची, नळी लवकर काजळायची.

आप्पा : रायफल नाकारली, पण धडा घेतलाच ना? बारीक आणि लांब गोळी हवा कापत जाते, वेग राखते, वाऱ्याने कमी ढळते. आज हजार मीटरवर मारणारी तुमची ती साडेसहा मिलिमीटरची मंडळी आठचा पीळ का वापरतात? लांब गोळी हवी तर घट्ट पीळ हवा. त्यातून सुटका नाही.

इथे 'लांब' म्हणजे लांबच, जड नव्हे. या विषयात सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. दुकानात नि रेंजवर लोक 'जड गोळीला घट्ट पीळ' म्हणतात, कारण गोळीचा व्यास तोच राहिला तर जड गोळी लांबच असते. पण हवा वजन विचारत नाही, तिला लांबी दिसते. वूलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिलने १८७९मध्ये जे सूत्र दिलं, त्यातही वजन नाही. व्यासाचा वर्ग घ्या, त्याला दीडशेने गुणा, लांबीने भागा, की पीळ किती इंचांचा ते मिळतं. वेग फार असेल तर दीडशेच्या जागी एकशे ऐंशी. इतकं सुटसुटीत सूत्र सव्वाशे वर्षं नळी बनवणाऱ्यांच्या कामी आलं, याचं मला कौतुक वाटतं. त्याची एकच अट होती, गोळी शिशाची असली पाहिजे. ही अट मोडली की काय होतं, तो आप्पांचा हुकमी एक्का होता.

आप्पा : अमेरिकेची ती एम-१६. पहिल्यांदा आली तेव्हा चौदाचा पीळ होता. गोळी ५५ ग्रेनची, लहानशी. उन्हाळ्यात सगळं छान. कडाक्याच्या थंडीत चाचण्या घेतल्या आणि गोळ्या भरकटायला लागल्या. थंड हवा दाट असते, ती जास्त रेटते. शेवटी १९६३मध्ये त्यांच्या संरक्षणमंत्र्याने, मॅकनमाराने, चौदाचा बारा करायला मंजुरी दिली. चौदा तुझ्यासारख्या कुणीतरी 'गरजेपुरता' म्हणून ठरवला असणार!

मृणालने मोबाइलवर आकडे घातले. डॉन मिलर या अमेरिकन गृहस्थाने २००५मध्ये ग्रीनहिलची डागडुजी करून नवं सूत्र दिलं. त्यात गोळीचं वजन, लांबी, व्यास, वेग आणि हवा सगळं येतं. पंधरा अंश तापमानाला चौदाच्या पिळात ती ५५ ग्रेनची गोळी जेमतेम एकवर येते. शून्याखाली चाळीस अंशांवर पॉइंट आठच्या आसपास घसरते. बाराच्या पिळात तोच आकडा साध्या हवेत एक पॉइंट सदतीस आणि त्या थंडीत एक पॉइंट एक.

मृणाल : बरोबर आहे, चौदा चूकच होता. पण चौदा म्हणजे काठावरचा पीळ. गरजेपुरता म्हणजे काठावर असं मी कधी म्हटलं?

आप्पा : थांब, पुढे ऐक. १९८०मध्ये नाटोने बेल्जियमची एसएस-१०९ घेतली. ६२ ग्रेनची. टोकात पोलादाचा तुकडा, मागे शिसं. पोलाद शिशापेक्षा हलकं, त्यामुळे वजन सातच ग्रेनने वाढलं, पण लांबी बरीच वाढली. ही गोळी जुन्या बाराच्या नळीतून झाडली तर कागदावर गोल भोक पडत नाही. अख्ख्या गोळीचा आडवा ठसा उमटतो.

हा ठसा आप्पांनी मला कागदावर काढून दाखवला. एका बाजूला बारीक होत गेलेलं टोक, दुसऱ्या बाजूला सपाट बूड, मधे फाटलेला कागद. रेंजवर याला 'कीहोल' म्हणतात. प्रूफ रेंजच्या माणसाला हे भोक दिसलं की पुढचं मोजमाप करायची गरजच उरत नाही, असं ते म्हणाले.

मृणाल : मीही आकडा काढलाय. बाराला पॉइंट पंच्याऐंशी, म्हणजे उलटणारच. पण नऊला दीड. नऊ पुरे होते काका! मग सात का केले?

आप्पा : ट्रेसरसाठी.

मृणाल : तेच म्हणते मी. ट्रेसरची वाट डोळ्यांना दिसावी म्हणून तिच्या बुडात जळणारं मिश्रण भरायचं असतं, त्यामुळे ती आणखी लांब. ती तरावी म्हणून सातचा पीळ, आणि बाकीच्या साध्या गोळ्यांनीही विनाकारण तेवढंच गरगरायचं. त्यांचा आकडा अडीचवर गेला.

आप्पा : जवान काय दोन रायफली घेऊन फिरणार? साध्या गोळीची एक, ट्रेसरची एक?

या उत्तरावर मृणाल गप्प झाली, पण तेवढ्यापुरतीच. 'तोटा काय' या काकांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार होतं, आणि माझ्या मते त्या दुपारचा सर्वांत चांगला युक्तिवाद तोच होता.

मृणाल : कुठलीही गोळी अगदी मधोमध तोललेली नसते. आवरण एका बाजूला कणभर जाड असतं, शिशात बारीक पोकळी राहते. समजा, वजनाचा मध्य गोळीच्या आसापासून फक्त एक शतांश मिलिमीटर बाजूला आहे. नळीत असताना गोळीला नळीच्या आसाभोवतीच फिरावं लागतं, त्यामुळे तो वजनाचा मध्य एका चिमुकल्या वर्तुळात फिरत असतो. तोंडाशी नळी संपली की तो सुटतो आणि त्या क्षणी ज्या दिशेला चालला असेल तिकडेच निघतो. गोफणीतून दगड सुटतो तसा.

आप्पा : एक शतांशाने काय होतंय?

मृणाल : मोजूया. वर्तुळाचा परीघ पॉइंट शून्य सहा मिलिमीटर. दर फेऱ्यामागे गोळी तेवढीच बाजूला सरकते. सोळाच्या पिळात पन्नास मीटरला फेरे होतात एकशे तेवीस. गुणाकार करा. पावणेआठ मिलिमीटर! आमच्या पन्नास मीटरच्या टारगेटवर दहाच्या गोलाचा व्यास किती? १०.४ मिलिमीटर. गोळीची कड गोलाला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे मध्यापासून आठ मिलिमीटरपर्यंत चालतं. पावणेआठला मी दहाच्या काठावर, नशिबाने आत. पीळ बाराचा असता तर फेरे एकशे चौसष्ट झाले असते, गोळी दहा मिलिमीटरच्या वर सरकली असती आणि दहा हातचे गेले असते. नेम तोच, श्वास तोच, गोळी तीच.

मी आकडेमोड पुन्हा करून पाहिली, बरोबर आहे. गंमत म्हणजे यात वेग कुठेच येत नाही. गोळी हळू जावो की जोरात, दर मीटरमागचे फेरे तेच राहतात. गोळीची खोट किती मोठी होऊन कागदावर उतरणार, हे पीळच ठरवतो. सातच्या पिळाच्या एम-१६ला हाच एक शतांश शंभर मीटरवर साडेतीन सेंटिमीटर पडतो, बाराच्या पिळाला दोन. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन मान नावाच्या डॉक्टरने गोळ्यांची ही खोट समजून घेण्यात आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली. मुद्दाम तोल बिघडवलेल्या गोळ्या झाडायच्या आणि त्या कुठे जातात ते बघायचं, हाच उद्योग. त्याचं पुस्तक १९०९मध्ये आलं. डॉक्टरकी सोडून माणूस या नादाला लागू शकतो, हे त्या दुपारनंतर मला पटलं.

आप्पा : म्हणजे गोळी चांगली बनव. दोष गोळीत आहे आणि तू शिव्या पिळाला देतेस.

मृणाल : चांगलीच गोळी घेते. वेगवेगळे लॉट माझ्या नळीतून झाडून जो जमतो तो उचलते. पन्नास मीटर खेळणारे सगळे हेच करतात. पण दोष शून्य कधीच होत नाही, उरतो तेवढा पीळ वाढवून ठेवतो. तेजस्विनी सावंत २०१०ला म्युनिकमध्ये प्रोनची विश्वविजेती झाली, स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ब्राँझ घेतलं ४५१.४वर. हा खेळ दशांशांत चालतो, काका.

आप्पा : स्वप्निल आमच्या कांबळवाडीचा. त्याचं नाव घेऊन मला गप्प करू नकोस.

(आप्पा मूळचे कोल्हापूरचे. त्यामुळे जिल्ह्यातलं कुठलंही गाव 'आमचं'.)

मृणाल : बरं, आणखी एक. फेरे फार झाले तर गोळीच टिकत नाही. सातच्या पिळातून साडेनऊशे मीटर वेगाने निघालेली गोळी मिनिटाला तीन लाखांवर फेरे घेते. पातळ आवरणाच्या गोळ्या तेवढ्यात हवेतच फाटतात. आणि अतिस्थिर गोळीचं टोक वरच राहतं, ती वाटेबरोबर खाली वळत नाही, पोट पुढे करून जाते.

आप्पा : पहिलं बरोबर. दुसरं मात्र रेंजवरच्या कट्ट्यावरचं ज्ञान! रायफल आपण जवळपास सपाट मारतो. वाट इतकी हळू वाकते की गोळी अडीचवर असली काय आणि पाचवर असली काय, टोक वाटेबरोबरच वळतं. तू म्हणतेस ते होतं तोफेत, नळी साठ-सत्तर अंश वर केली तर. तिथे गोळा माथ्यावरून वळताना मागे पडू शकतो. तोफेचं रायफलला लावू नकोस.

मृणालने मान डोलावली. यावर तिने वाद घातला नाही.

आप्पा : आणि हेही ऐक. वाटेत गोळीचा वेग भराभर उतरतो, पण फिरणं फारसं कमी होत नाही. म्हणजे हवेचा रेटा घटतो आणि फिरण्याचा जोर टिकतो, त्यामुळे तुझा तो आकडा पुढे पुढे वाढतच जातो. गोळीची खरी परीक्षा नळीच्या तोंडाशी असते. तिथे तरली तर पुढे बहुतेक तरते.

मृणाल : आवाजाच्या वेगाशी येईपर्यंत. तिथे हवेचे धक्के बदलतात आणि तोंडाशी शहाणी असलेली गोळी तिथे वेड्यासारखी वागू शकते. म्हणून तर आमचं मॅचचं काडतूस मुळातच आवाजापेक्षा हळू असतं, सव्वातीनशे मीटरच्या आसपास. ती वेस ओलांडायचीच नाही.

मधेच उजवीकडे ढळण्याचा विषय निघाला. उजव्या पिळाची गोळी टोक किंचित उजवीकडे ठेवून जाते आणि हजार यार्डांवर ७.६२ची गोळी वीतभर उजवीकडे पडते. जुन्या थ्री-नॉट-थ्री ली-एन्फिल्डचा पीळ डावा, म्हणून ती डावीकडे जायची. पन्नास मीटरवर याला कुणी विचारत नाही. दोघांनीही तो विषय दोन मिनिटांत सोडला, आणि मृणालने तिचा राखून ठेवलेला डाव टाकला.

मृणाल : काका, थंडीची भीती अमेरिकेला, कॅनडाला, रशियाला. त्यांच्याकडे समुद्रसपाटीजवळ शून्याखाली चाळीस होतं, म्हणजे हवा थंडही आणि दाटही. आपल्याकडे तशी थंडी कुठे? सियाचीनला. पण तिथे उंची पाच-साडेपाच हजार मीटर, हवेचा दाब निम्मा. थंडीने हवा जेवढी दाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त उंचीने विरळ होते. गोळीच्या दृष्टीने सियाचीन पुण्यापेक्षा सोपं! आपल्याकडची सर्वांत वाईट हवा म्हणजे जानेवारीतली पंजाबच्या सपाटीवरची पहाट, आणि ती साध्या हवेपेक्षा चार-पाच टक्केच दाट. मग आपण आर्क्टिकचा विमा कशाला भरायचा?

हे मला कधीच सुचलं नव्हतं. बर्फ म्हटलं की आपण पहिल्यांदा थंडी बघतो, उंची विसरतो. आप्पाही क्षणभर थांबले. मग चष्मा पुसत म्हणाले,

आप्पा : हवेचं मान्य. पण पीळ हवेपुरता असतो का? नळी एकदा कापली की तिचा पीळ बदलत नाही. रायफल वीस-तीस वर्षं चालते, तेवढ्यात गोळी तीनदा बदलते. आज वरणगावला बनते ती गोळी, उद्या शिसं काढून तांब्याची येईल. तांबं हलकं, म्हणजे तेवढ्याच वजनाला आणखी लांब. परवा कुठून तरी बाहेरून घेतलेला लॉट येईल. ट्रेसर आहेच. तुझ्या नळीला एकच काडतूस खायला मिळतं, तेही तू चाखून निवडलेलं. जवानाच्या नळीत काय जाणार ते नळी कापणाऱ्याला माहीत नसतं. त्याने दीडवर काटेकोर बसायचं कशाच्या भरवशावर?

मृणाल : म्हणजे जवानाचा ग्रुप, भोकांचा पसारा, साडेतीन सेंटिमीटर झाला तरी चालेल?

आप्पा : माणसाच्या छातीवर? चालेल. आडवी गोळी चालणार नाही.

मला या ठिकाणी आप्पांचं पटलं, आणि मृणालचंही तिच्या जागी. 'चांगला पीळ' असा आकडा हवेत लटकलेला नसतो. पुढे काय येणार हे जितकं नक्की माहीत, तितका पीळ आखडता घेता येतो. स्पर्धेतल्या नेमबाजाला गोळी, वेग, अंतर, सगळं माहीत असतं, एक हवा तेवढी थोडी बदलते. म्हणून त्याने फेरे वाचवायचे. शस्त्र बनवणाऱ्याला यातलं फारच थोडं माहीत असतं आणि त्या अंधाराची किंमत तो घट्ट पिळाने, थोड्या बिघडलेल्या ग्रुपने मोजतो. १९६३चा बारा आणि १९८०नंतरचा सात हे दोन्ही आकडे असेच आले. आधीच्यांनी जे गृहीत धरलं ते पुढे टिकलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी हे बोलून दाखवलं तर दोघांनीही 'मग मी वेगळं काय म्हणत होतो' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो.

मृणाल : माझ्या नळीचं आयुष्य संपत आलंय. नवी घ्यायचीय. अठराचा पीळ घ्यावा म्हणते.

आप्पा : अठरा? तुझ्या सोळाला तो आकडा किती येतो?

मृणाल : मिलरच्या सूत्राने एक पॉइंट तीन-चार.

आप्पा : दीड म्हणजे निवांत म्हणत होतीस ना मघाशी? आणि अठराला?

मृणाल : ...एक पॉइंट शून्य सहा.

आप्पा : आणि जानेवारीत दिल्लीला, तुघलकाबादच्या रेंजवर, सकाळच्या पहिल्या डिटेलला? पाच अंश तापमान. हवा दाट.

मृणाल : एकला टेकेल. पण काका, हे सूत्र टोकदार आणि आवाजाच्या कितीतरी पुढे धावणाऱ्या गोळ्यांवर बेतलंय. बोथट, हळू टू-टूला ते तंतोतंत लागू पडत नाही.

आप्पा : माझ्या एम-१६ला तंतोतंत लागू पडलं, तुझ्या अठराला पडत नाही?

मृणाल : एम-१६ची गोळी टोकदार आहे!

आप्पा : बरं, राहिलं. सूत्र बाजूला ठेव. पैसे भरायच्या आधी कुणाची अठराची नळी मिळाली तर बघ, तुझाच लॉट त्यातून झाड. पण पन्नासला नको, तिथे डुलणं भोकात दिसणार नाही. पहाटेच्या थंडीत शंभरला कागद लाव. जाड पुठ्ठा नको, पातळ ताणलेला कागद, म्हणजे भोकाची कड स्वच्छ येते. भिंग घेऊन बघ. गोल आहे की एका अंगाला जरा ओढल्यासारखं.

मृणाल : आणि सगळी गोल आली तर?

आप्पा : तर खुशाल अठरा घे. मात्र लॉट बदललास की पुन्हा कागद लावायचा.

मृणाल : आणि ओढल्यासारखी आली तर सोळाच?

आप्पा : साडेसोळाही मिळते. पण मला विचारशील तर चौदा.

"चौदा!" असं म्हणून मृणालने पुन्हा मोबाइल हातात घेतला आणि पन्नास मीटरला चौदाचे फेरे किती होतात ते मोजायला लागली.